भडंगासाठी चार हेडचं वजन-मशीन घेतलं, सव्वा वर्ष वापरून लिहितेय

जयसिंगपूरला आमचं भडंगाचं छोटं युनिट आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून तीन मावश्या टेबल काट्यावर वजन करून पाकिटं भरायच्या आणि चौथी सीलिंगला. मागच्या वर्षी पाडव्याला चार हेडचं लिनिअर वेयर (म्हणजे ओळीत चार काटे, प्रत्येकाला थरथरणारा ट्रे आणि वजनाची बकेट, त्या एकेकाला हेड म्हणतात) आणि त्याच्याखाली फिल्मच्या रोलची पाकिटं करून सील करणारं कॉलर टाईप पाऊच मशीन असा सेट घेतला, साडेसहा लाख अधिक १८ टक्के जीएसटी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते एका कंपनीचं नाही, ह्या टाईपचं कुठलंही मशीन भडंगाला लावलं तर हेच होणार.

आधी हिशोब सांगते, कारण घरी सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच होता की हातानं चाललंय की, मग कशाला. हातानं भरताना मावशी कमी भरत नाही, ती घाबरून जास्तच भरते, शेवटची चिमूट टाकायची सवयच असते. मी आठवडाभर रोज पन्नास पाकिटं परत काट्यावर घातली तर २०० ग्रॅमचं पाकीट सरासरी २०५-२०६ भरत होतं. आता मशीन २०१.५ च्या आसपास भरतं. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण दिवसाला १८०० पाकिटं धरा, ७ किलो २०० ग्रॅम भडंग रोज फुकट जात होता. सरासरी एकदम २०० वर आणायच्या नादाला पण लागू नका. २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीजच्या नियमात २०० ग्रॅमचं एखादं पाकीट ९ ग्रॅमपर्यंत कमी निघालं तर चालतं पण सगळ्यांची सरासरी लिहिलेल्या वजनाच्या खाली गेलेली चालत नाही, म्हणून आम्ही सेटिंग २०१ ठेवतो.

आता खरी मजा. डेमो बघायला गेलो तेव्हा तिथं मशीनवर साखर चालू होती. अहो साखर कुठल्याही मशीनवर सरसर पळते! मिनिटाला २५ पाकिटं दाखवली, आम्ही खूश, सही करून आलो. घरी आल्यावर भडंग घातला तर मिनिटाला ११. कारण ब्रोशरवर 'एक हेड १ किलोपर्यंत' लिहिलेलं असतं ते डाळ-साखरेचं, आणि २०० ग्रॅम भडंग म्हणजे दीड-दोन लिटरचा ढीग होतो, बकेट काठोकाठ भरून चुरमुरे बाहेर सांडायला लागले. तर पहिली गोष्ट ही की बकेटची मापं ग्रॅममध्ये विचारू नका, लिटरमध्ये विचारा, आणि डेमोला आपल्या मालाचं पोतं गाडीत टाकून घेऊन जा, लाजू नका.

दुसरा घोळ मशीनचा नाही, आमच्या डोक्याचा होता. तिसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यात जुन्या मावशी एक पाकीट हातात घेऊन दाबून दाबून बघत होत्या. म्हटलं काय झालं, तर म्हणाल्या, "वहिनी, वजन बरोबर हाय, पण ह्यात शेंगदाणाच न्हाई." फोडलं पाकीट, खरंच चार दाणे. मग त्याच दिवशीचं सकाळचं पहिलं पाकीट फोडलं तर अर्धं शेंगदाण्यांनीच भरलेलं! व्हायब्रेटरवर माल सतत थरथरत असतो, त्यात जड शेंगदाणे आणि मसाला खाली बसतात, हलका चुरमुरा वर तरंगतो, मग आधीच्या पाकिटांची चैन आणि नंतरच्यांना नुसता चुरमुरा. काट्याच्या हिशोबानं दोन्ही पाकिटं एकदम करेक्ट. दोन दिवसांचा माल दुकानात गेला होता, तो परत मागवला, त्या आठवड्याचं दुःख सांगत बसत नाही.

उपाय मशीनमध्येच होता, फक्त विकताना कुणी सांगितला नव्हता. मिक्सिंग मोड म्हणून असतो, त्यात चारही हेड मिळून एक पाकीट भरतात. आता शेंगदाणे तळून वेगळे ठेवतो, एक हेड ४० ग्रॅम शेंगदाणे देतं आणि बाकीची तीन मिळून १६० ग्रॅम चुरमुरे. आधी प्रत्येक हेड एकटं २०० ग्रॅम भरायला धडपडत होतं, आता एका बकेटमध्ये ५३-५४ ग्रॅमच, त्यामुळे सांडणं पण बंद झालं आणि स्पीड ११ वरून १५ वर गेला. प्रत्येक पाकिटात मोजून तेवढेच शेंगदाणे, हे तर मावश्यांच्या हातानं पण कधी होत नव्हतं.

सेटिंग शिकायला मात्र महिना लागला. ट्रे आधी जोरात हलतो, वजन जवळ आलं की हळू होऊन टिपटिप टाकतो, आणि थांबला तरी थोडा माल हवेत असतो तो नंतर पडतोच. चुरमुरा आणि शेंगदाण्याचं हे गणित वेगळं, म्हणून प्रत्येक हेड वेगळं सेट करावं लागतं. त्यात चुरमुऱ्याचा लॉट बदलला, जरा जास्त फुललेला आला, की परत थोडं बघावं लागतं. पण निदान वजन तरी सांभाळतं. स्वस्तातलं कप फिलर मोजमाप डब्यानं करतं, तिथं लॉट बदलला की वजनच बदलतं, म्हणून ते आम्ही नाही घेतलं.

दहा हेडचं मल्टिहेड का नाही असं बरेच जण विचारतात. ते भारीच असतं, जपानच्या इशिदा कंपनीनं १९७२ मध्ये पहिलं काढलं ते ढोबळी मिरचीसाठी, कारण एकेक मिरची वेगळ्या वजनाची, एक कमी केली तर कमी आणि एक वाढवली तर जास्त. दहा बकेटमध्ये थोडा थोडा माल घेऊन १०२३ कॉम्बिनेशनांतून सगळ्यात जवळचं वजन निवडायचं, अशी आयडिया. वेफर्स, मोठी शेव, फ्रोजन भाज्या असल्या मालाला तेच पाहिजे. आमचा दाणा बारीक, शेवटचे दोन ग्रॅम टिपटिप टाकता येतात, त्यामुळे गरज नाही. शिवाय ते उंच असतं, आमच्या शेडचा पत्रा काढावा लागला असता.

बारीकसारीक त्रास बरेच आहेत. मशीनवर पंखा लावू नका, आम्ही उन्हाळ्यात लावला आणि वजन दोन-तीन ग्रॅम नाचायला लागलं, इंजिनियर येऊन आधी पंखाच बंद करून गेला आणि व्हिजिटचे पैसे घेतले. मसाला कुटायचा हादरणारा डंक शेजारी असेल तर तोही लांब हलवा. बकेट ठिपक्यांच्या पत्र्याची घ्या, साध्या गुळगुळीत पत्र्याला तेलकट चुरमुरा चिकटून बसतो आणि झिरो सरकतो, म्हणजे रिकामी बकेट शून्य दाखवत नाही. चुरमुरा हलका म्हणून खाली पडायला वेळ घेतो, जॉ म्हणजे पाकीट सील करणारे जबडे लवकर मिटले तर सीलमध्ये एखादा अडकतो, आणि पावसाळ्यात तेच पाकीट चार दिवसांत सादळतं. जॉला थोडा उशीर दिला तेव्हा हे थांबलं.

कर्जावर घेणार असाल तर पीएमएफएमई ह्या छोट्या खाद्य उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेची ३५ टक्के सबसिडी चालू आहे का बघा, कागदपत्रं खूप आहेत पण मिळते.

मावश्या चौघी आहेतच. दोघी तळणीला गेल्या, एक फिल्म आणि हॉपर बघते, आणि जुन्या मावशी दर विसावं पाकीट जुन्या टेबल काट्यावर ठेवून वहीत लिहितात, दाबून पण बघतात.

तर पाच पैकी चार. एक कापला तो सर्व्हिसचा. लोडसेल म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, वजनानं डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते त्यावरून वजन कळतं, आणि नवीन पोरानं धुताना दुसऱ्या हेडची बकेट हिसकून काढली तेव्हापासून ते हेड रोज वेगळाच झिरो दाखवतंय. फोन करून नऊ दिवस झाले, सध्या तीन हेडवर चालू आहे. आला इंजिनियर की खाली अपडेट टाकते.