बाळंतविड्यासाठी मिल्क कॉटन: टोपऱ्याला हो, स्वेटरला नको

मुंबई-कोकणच्या हवेत लोकरीचा स्वेटर बारशाच्या फोटोपुरता बाळाच्या अंगावर चढतो आणि मग कपाटात जातो. मिल्क कॉटन या विणकामाच्या मऊ सुती धाग्याचं टोपरं किंवा झबलं बाळाची आई आपणहून घालते, कारण ते टोचत नाही आणि इतर कपड्यांबरोबर धुता येतं. एवढ्यासाठी हा धागा घ्यावाच.

नावावर मात्र भुलू नये. धाग्याच्या बऱ्याच गुंड्यांत ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, मिसळलेलं असतं. लेबल वाचावं, ते नसेल तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत जळत्या कागदासारखा वास देतं, मऊ राख पडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्रण वाईट नाही, पण त्यावर गरम इस्त्री फिरवली की वीण लोळागोळा होते, पुन्हा उभी राहत नाही.

खरी अडचण ताणाची आहे. लोकर ताणली की परत येते, सूत तितकं येत नाही. लोकरीच्या मापानं विणलेलं टोपरं थोड्याच दिवसांत डोळ्यांवर उतरतं. म्हणून दोन सुलट, दोन उलट अशी काठाची पट्टी 12 नंबरच्या सुयांवर (2.75 मिमी) विणावी आणि मग 10 नंबरवर (3.25 मिमी) यावं. 10 सेंमीत 24 टाके बसत असतील, तर तीन महिन्यांच्या बाळासाठी 88 टाके आणि शिवणीचे 2 पुरतात. घेर साधारण 37 सेंमी होतो, डोक्याच्या 40 सेंमीपेक्षा मुद्दाम कमी. सरळ उंची 11 सेंमी झाली की 11-11 टाक्यांचे आठ भाग पाडून एक ओळ सोडून प्रत्येक भागात एक टाका घटवायचा. नवजात बाळाचं माप घेऊच नये. विणून होईपर्यंत बाळ मोठं झालेलं असतं.

पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला मिल्क कॉटन नको. ओलं झालं की जड होतं आणि दोरीवर टांगलं की लांब होतं. ते आडवंच वाळवावं लागतं. हे सांगितलं तरी बाळंतिणीच्या घरात कोण करणार? नाशिक-पुण्याच्या थंडीसाठी साधं ॲक्रिलिक बेबी वुलच बरं: हलकं असतं, लवकर वाळतं, गोळे येतात ते येऊ द्यावेत.

घालणारं बाळ असलं, तरी वापरायचं की नाही हे आईच ठरवते. डोक्यातून घालायचं काही विणू नये. पुढून उघडणारं हवं. गळ्याला रिबिनी नकोत, सैल शिवलेली बटणं नकोत. मोज्यांत रंगीत नक्षी केली तर आतून लोंबणारे धागे पायाच्या बोटाला गुंडाळले जातात, तेव्हा मोजे एकरंगीच बरे. धाग्याच्या गुंड्या एकाच लॉट नंबरच्या, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेल्या, घ्याव्यात आणि विड्यात धाग्याची एक छोटी गुंडी लेबलसकट ठेवावी. उसवलं तर दुरुस्तीला कामी येते.