ग्रॅनब्लू फँटसी की क्रॉसकोड? ब्राउझरमधला जपानी धाटणीचा खेळ निवडताना

जपानी धाटणीचा रोल-प्लेइंग गेम (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेण्याचा खेळ) खेळायची इच्छा आहे, पण घरात कन्सोल नाही आणि लॅपटॉपही कॉलेजच्या पहिल्या वर्षी घेतलेला, अशी स्थिती सोलापुरात अनेकांची असते. अशांसमोर दोन चांगले पर्याय आहेत: सायगेम्स या जपानी कंपनीचा 'ग्रॅनब्लू फँटसी' (२०१४) आणि रॅडिकल फिश गेम्स या जर्मन चमूचा 'क्रॉसकोड' (२०१८). पहिला संपूर्णपणे ब्राउझरमध्येच चालतो. दुसरा ब्राउझरच्याच तंत्रावर, म्हणजे एचटीएमएल५ आणि जावास्क्रिप्टवर बांधलेला आहे. त्याचा डेमो ब्राउझरमध्ये खेळता येतो, पूर्ण खेळ मात्र विकत घ्यावा लागतो. इंग्रजी दोन्हींत आहे, मराठी कशातही नाही.

देखणेपणात ग्रॅनब्लू उजवा आहे. 'फायनल फँटसी' या गाजलेल्या खेळमालिकेवर काम केलेल्या हिदेओ मिनाबा यांचे कलादिग्दर्शन आणि नोबुओ उएमात्सु यांचे संगीत लाभलेला खेळ फोनच्या ब्राउझरमध्ये फुकट सुरू होतो, ही सामान्य गोष्ट नव्हे. लढाई पाळीपाळीने होते. आघाडीच्या चार पात्रांची विशेष अस्त्रे एकाच पाळीत साधली की मोठा साखळी-प्रहार होतो, आणि तो जुळवून आणण्यात खरी मजा आहे. अडचण पुढे सुरू होते. पात्रांपेक्षा दहा शस्त्रांच्या मांडणीवर ताकद ठरते, ती शस्त्रे मिळवण्यासाठी तेच ते राक्षस पुन्हा पुन्हा मारावे लागतात, आणि कोणते शस्त्र कशाशी जुळते हे खेळ नीट समजावून सांगत नाही. कथा लांबलचक आहे, पण ती बहुतांशी स्थिर चित्रांखालच्या संवादांतून वाचावी लागते.

पैशाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. नवी पात्रे सोडतीतून मिळतात आणि एका सोडतीला ३०० क्रिस्टल (खेळातले चलन) लागतात. सोलापूरच्या गड्डा यात्रेत रिंग फेकणाऱ्याला 'आता एकदाच' म्हणत खिसा रिकामा करताना आपण पाहतो, तसाच हा मोह आहे. फरक इतकाच, की इथे ३०० सोडतींनंतर हवे ते पात्र निवडण्याची सोय आहे. ती २०१६ साली खेळाडूंच्या संतापानंतर आली. त्यासाठी ९०,००० क्रिस्टल लागतात. ते फुकटही साठवता येतात, पण त्याला महिनोन्महिने संयम हवा. शिवाय दिवसाची कामे जपानच्या पहाटे पाचला, म्हणजे आपल्याकडे रात्री दीडला, नव्याने सुरू होतात. त्यामुळे झोपण्यापूर्वी 'तेवढे उरकून घेऊ' ही सवय लागायला वेळ लागत नाही.

क्रॉसकोड असे काहीच मागत नाही. एकदा किंमत मोजली की मध्येच हात पुढे करणारे दुकान नाही. कथेची कल्पनाही चतुर आहे: नायिका लिया एका काल्पनिक ऑनलाइन खेळात वावरते, तिला जवळजवळ बोलताच येत नाही, आणि तरीही तिचा स्वभाव चेहऱ्यावरच्या बारीक हावभावांतून पुरेपूर कळतो. इथली लढाई पाळीची नसून प्रत्यक्ष वेळेत चालते. माउसने नेम धरून चेंडू फेकायचे असतात, त्यामुळे टचपॅडवर खेळण्याचा विचारही करू नये. दोष सांगायचा तर मंदिरांतली कोडी. ती कल्पक आहेत, पण इतकी लांबतात की कथेचा धागा हातून सुटतो. अर्थात, शत्रूंचा मार आणि कोड्यांचा वेग कमी करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे आणि ती वापरण्यात कमीपणा मानू नये.

नेटवर्कचाही विचार करावा. ग्रॅनब्लूत प्रत्येक चाल सर्व्हरकडे जाते. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना कुर्डुवाडीच्या पुढे सिग्नल गेला तर लढाई तिथेच अडकते. क्रॉसकोड एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतो. परंतु प्रवासात मांडीवर लॅपटॉप घेऊन माउसने नेम धरणेही सोपे नाही, त्यापेक्षा एखादा कंट्रोलर बरा.

माझा कल स्पष्टपणे क्रॉसकोडकडे आहे, विशेषतः परीक्षा किंवा पाळीची नोकरी असणाऱ्यांसाठी. सोबत खेळणारे मित्र असतील आणि एकत्र राक्षस मारण्यातच रस असेल तर ग्रॅनब्लू घ्यावा. मात्र पहिले काही आठवडे त्यात एक रुपयाही घालू नये. क्रॉसकोड विकत घेण्याआधी त्याचा डेमो आपल्याच लॅपटॉपवर चालवून पाहावा. पूर्ण खेळही त्याच तंत्रावर असल्याने, डेमोतल्या लढाया अडखळत असतील तर पुढेही अडखळण्याचीच शक्यता अधिक.