सोफी की मर्सो : वाचनकट्ट्यावर आधी कोण?

तत्त्वज्ञानाची कादंबरी घ्यायचं ठरलं की कट्ट्यावर दोन नावं हमखास येतात : योस्टाइन गार्डरची ‘सोफीज वर्ल्ड’ (१९९१) आणि आल्बेर काम्यूची ‘द आउटसायडर’ (१९४२). मर्सो हा ‘द आउटसायडर’चा नायक. ‘द स्ट्रेंजर’ म्हणून मिळते तीही हीच, दोन्ही मागवू नका.

सुरुवातीला सोफीचं पारडं जड वाटतं. जुन्या ग्रीकांपासून सार्त्रपर्यंत सगळे ओळीने भेटतात, डेमोक्रिटसचे अणू तर लेगोच्या ठोकळ्यांतून कळतात. ३५ प्रकरणांना चार बैठका पुरतात : १ ते ९, १० ते १७, १८ ते २३ आणि उरलेली. तिसरी बैठक मध्येच तोडू नका. २२ आणि २३ या प्रकरणांत कथेचा पायाच हलतो, आणि पुढे गेलेल्या एखाद्याने ते बोलून टाकलं की बाकीच्यांचा रस संपतो.

मला खटकतं ते वेगळंच. हे पुस्तक प्रश्न विचारतं आणि उत्तरही स्वतःच देतं. आल्बेर्तो हा तत्त्वज्ञ शिकवतो, सोफी शिकते. बैठकीतही तसंच होतं. कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलेला एकजण मास्तर होतो, बाकीचे वह्या काढतात. प्लेटो काय म्हणाला यावर भांडणार तरी काय? कान्ट येईपर्यंत ‘या वेळी वाचून झालं नाही’ सुरू झालेलं असतं.

काम्यूचं पुस्तक लहान : पहिल्या भागात सहा प्रकरणं, दुसऱ्यात पाच. दोन बैठका पुरे. पहिल्या बैठकीला फक्त पहिला भाग वाचून यायचं. मर्सोचं सगळ्यात जास्त काय खटकलं ते प्रत्येकाने चिठ्ठीवर एका ओळीत लिहायचं, चिठ्ठ्या घडी घालून डब्यात. पहिल्या भागाच्या शेवटी मर्सो समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो. दुसऱ्या भागात त्याचा खटला उभा राहतो आणि आईच्या शवपेटीजवळ घेतलेली दुधाची कॉफी, ओढलेली सिगारेट, न आलेले अश्रू हेच त्याच्याविरुद्ध मांडलं जातं. तेव्हा डबा उघडायचा. किनाऱ्यावरची पहिली गोळी आणि थांबून झाडलेल्या चार किती जणांनी लिहिल्या, कॉफी किती जणांनी, ते मोजा. पुढचा तासभर कुणाला बोलतं करावं लागत नाही.

इथेही फसतं, नाही असं नाही. कुणीतरी पहिल्याच बैठकीत ‘अॅब्सर्ड’ (माणूस अर्थ शोधतो आणि जग गप्प राहतं, ही काम्यूची विसंगती) हा शब्द टाकतो आणि चर्चा कादंबरी सोडून काम्यूच्याच ‘द मिथ ऑफ सिसिफस’ या निबंधाकडे जाते. तो निबंध दुसऱ्या बैठकीपर्यंत बाजूला ठेवा. मारल्या गेलेल्या अरबाला पुस्तकभर नाव नाही, त्यासाठी पंधरा मिनिटं राखूनच ठेवा. आणि अनुवाद सगळ्यांकडे एकच हवा. स्टुअर्ट गिल्बर्टच्या अनुवादात पहिल्याच वाक्यात ‘मदर’ आहे, मॅथ्यू वॉर्डने (१९८८) मूळ फ्रेंचमधलं ‘मामाँ’ तसंच ठेवलंय. ‘मातोश्री’ आणि ‘आई’ यांत जेवढं अंतर, जवळपास तेवढंच मर्सो वाचकापासून दूर किंवा जवळ येतो.

सगळेच नवखे असतील तर सोफीही चुकीची म्हणणार नाही. पण माझ्या मते ती नंतर, दिवाळीच्या सुट्टीत, घरातल्या आठवी-नववीच्या मुलांना सोबत बसवून घ्यावी.