फोर्ज्ड पिस्टनचे बिल आणि ओतीव पिस्टनचे इंजिन

ठाण्याच्या वागळे इस्टेट भागातील एका गॅरेजने माझ्या मर्सिडीझ सी 200 कॉम्प्रेसरच्या इंजिनात फोर्ज्ड, म्हणजे साच्यात ओतण्याऐवजी धातू दाबून घडवलेले मजबूत पिस्टन आणि तसेच कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) बसवतो असे सांगून साडेचार लाख रुपये घेतले आणि प्रत्यक्षात गाडीचेच जुने पिस्टन व रॉड धुऊन-पुसून परत आत घातले. ही फसवणूक कशी झाली आणि कुठे लक्षात येऊ शकते, हे इंजिन उघडायला देण्याच्या विचारात असलेल्यांसाठी लिहीत आहे.

या गाडीचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, क्रँकवरून (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून) येणाऱ्या पट्ट्यावर चालतो. त्याची पुली लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो आणि तेवढ्याच फेऱ्यांना सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. पुली बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे; खरा प्रश्न त्यानंतरचा दाब आणि उष्णता इंजिन सोसणार का, हा असतो. हवा दाबली की तापते, तापलेल्या मिश्रणाचा उरलेला भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटतो, नॉकिंग सुरू होते आणि त्या हादऱ्याने ओतीव पिस्टनची, त्याच्याभोवती बसणाऱ्या दोन रिंगांमधली कड तडकते. म्हणून ठरलेल्या कामात फोर्ज्ड पिस्टन, 8.5 च्या आसपासचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते गुणोत्तर), मजबूत रॉड व त्यांचे बोल्ट, अनेक पदरी स्टीलचे हेड गॅस्केट (सिलिंडरचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधला थर), मोठे इंजेक्टर आणि 95 ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलेले ट्यूनिंग एवढे सगळे होते. गॅरेजमालकाने हे इतक्या नेमकेपणाने समजावून सांगितले होते, की त्याला विषय कळत नाही असे म्हणण्याची सोय नाही. कळत होते, म्हणूनच काय लपवता येईल हेही त्याला ठाऊक होते.

आगाऊ रक्कम दिल्यावर फोनवर पिस्टनच्या खोक्यांची छायाचित्रे आली. पिस्टनचे एकही नाही. सिलिंडरचे भोक, म्हणजे बोअर, कापून घासण्यासाठी (होनिंग) ब्लॉक कोणत्या मशीनशॉपमध्ये गेला आहे, असे विचारल्यावर ‘आपलाच माणूस आहे, साहेब’ एवढेच उत्तर मिळाले. जुने पिस्टन मागितले, तर ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. बिलावर ‘इंजिन वर्क, पार्ट्ससह’ अशी एकच ओळ होती. गाडी हातात आली तेव्हा नवी पुली, नवा पट्टा, नवे होसपाइप, बॉनेट उघडल्यावर दिसते तेवढे सारे खरोखरच नवे होते.

एक खूण मात्र पहिल्याच सकाळी ऐकू यायला हवी होती, ती आली नाही. जास्त बूस्टसाठी, म्हणजे हवेच्या वाढीव दाबासाठी, वापरल्या जाणाऱ्या 2618 मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर अधिक प्रसरण पावतात, म्हणून ते बोअरमध्ये थोडे सैल बसवतात आणि थंड इंजिन सुरू करताना काही वेळ त्यांची खडखड येते. बोलण्यात याच मिश्रधातूचा उल्लेख झाला होता. माझे इंजिन मात्र पहिल्या क्षणापासून कारखान्यातून आल्यासारखे शांत होते आणि मालकाने ते आपल्या कसबाचे लक्षण म्हणून मिरवले. जास्त सिलिकॉन असलेल्या 4032 चे फोर्ज्ड पिस्टन शांत चालू शकतात, त्यामुळे एवढ्या एका गोष्टीवरून कोणाला चोर ठरवू नये.

मुंब्रा बायपासच्या चढावर इंजिनाची ताकद अचानक गेली आणि मागे निळसर धूर दिसू लागला. गाडी टोइंगवरून तुर्भ्याच्या एका मशीनशॉपमध्ये नेली. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढले तेव्हा तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटलेली होती. चारही पिस्टनच्या आतल्या बाजूस ओतकामाच्या खुणा आणि मूळ पार्ट नंबर तसेच होते. रिंगच्या दोन टोकांमधली फट सुमारे 0.3 मिलिमीटर भरली. 82 मिलिमीटरच्या बोअरला, वाढीव बूस्टसाठी, ढोबळ हिशेबाने ती अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ लागते. कमी ठेवली तर उष्णतेने टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग कडेसकट पिस्टन फोडते. म्हणजे लहान पुली लावून बूस्ट वाढवले, पण ते सोसण्यासाठी आत काहीच केले नाही. नुसते पैसे खाल्ले असते तर इंजिन तरी वाचले असते.

हेड बसल्यावर यातले काहीच दिसत नाही, त्यामुळे जे पाहायचे ते त्याआधीच पाहावे. प्रत्येक पिस्टनचा पार्ट नंबर, त्याचे वजन, बोअरचे माप, पिस्टन व बोअरमधली फट आणि रिंगची फट यांचा कागद मशीनशॉपच्या शिक्क्यासह मागावा, ब्लॉक उघडा असताना स्वतः जाऊन यावे आणि जुने भाग परत घेण्याची अट कामाच्या पावतीवरच लिहून घ्यावी. प्रामाणिक कारागीर ही मापे तशीही नोंदवतो, कारण त्यांच्याशिवाय त्याला इंजिन बांधताच येत नाही.

पैसे परत मागितल्यावर ‘तक्रार कराल तर आरटीओत तुमचीच गाडी अडकेल’ असे ऐकावे लागले. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 गाडीतील फेरफारांवर मर्यादा घालते, हे खरे आहे आणि गाडी देण्यापूर्वी ते जरूर वाचावे; पण खोटा माल विकण्याची परवानगी त्यातून कोणाला मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ठाणे जिल्हा आयोगाकडे माझी तक्रार दाखल आहे. गॅरेजच्या लेखी उत्तरात गाडी शर्यतीसाठी वापरल्याचा आरोप आहे, पिस्टन कोणते बसवले याबद्दल एक अक्षरही नाही. आणि ते चारही पिस्टन तुर्भ्याच्या मशीनशॉपच्या मापांच्या कागदासह सीलबंद ठेवलेले आहेत.