सांदवाडीत लॉन की आपली देशी झाडं?

घरामागची सांदवाडी मोकळी पडली होती, भाऊ म्हणे लॉन लाव, मस्त दिसते. दिसते खरी, पण आपल्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्या गवताला रोज पाणी मारायचं म्हटलं तर बोअर आधी प्यायच्या पाण्याला पुरतो का ते पाहा. आणि एवढं करून त्यावर येते काय? फारतर मैना.

देशी झाडांचं उलटं हाय. पहिली दोन वर्षं पाणी द्या, ढोरांपासून राखा, मग बोर, पळस आपलं आपलं पाहून घेते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की शिंजिर, मैना, बुलबुल सगळे रस प्यायला हजर. लिंबू, कढीपत्ता लावला तर लिंबाळी फुलपाखरू पानावर अंडी घालते, अळ्या पानं खातात, तिथं फवारणीचा पंप काढू नका बाप्पा, नाहीतर फुलपाखरं येतील कुठून? कोपऱ्यातली रुई पण उपटू नका, प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात, फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

पालापाचोळा साचते, आई कटकट करते, ते हायच. लेकरांना खेळायला जागा पाहिजे तर मधात मातीच ठेवा, शेणसडा टाकून. मी तर कडेनं झाडंच लावली.