संडासाला दोन शोषखड्डे की सेप्टिक टाकी?

गावात घर बांधायला काढलं की मिस्त्री विचारतो, "टाकी केवढी करायची?" दोन खड्ड्यांचा विषय तो सहसा काढत नाही. टाकीत काम जास्त, आणि घरमालकालाही मोठ्या टाकीचा मान वाटतो. "जन्मात भरणार नाही एवढी करा" असं सांगितलं जातं. भरायची ती भरतेच. म्हणून आधी ठरवायचं ते हे: भरल्यावर आतलं कोण काढणार, आणि काढलेलं कुठे जाणार?

दोन खड्ड्यांत याचं उत्तर घरातच असतं. पाच-सहा माणसांना 1 मीटर व्यासाचा आणि पाइपाच्या खाली 1 मीटर खोल खड्डा पुरतो. एका वेळी एकच चालू ठेवायचा. तो साधारण तीन वर्षांत भरतो, मग दोन्ही खड्ड्यांकडे पाइप जाणाऱ्या मधल्या चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. पाणी नि वायू मातीत मुरतात, उरतं ते भुसभुशीत, वास नसलेलं सोनखत. घाई करू नये, कारण जंतांची अंडी सगळ्यात उशिरा मरतात. कोकणात ही कल्पना जुनीच. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारे संडास कधीच उभे केले होते. 2017च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत असल्या खड्ड्यात उतरून स्वतः खत काढत होते.

सेप्टिक टाकीत असं उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतात. 2013च्या मैला सफाईबंदी कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवून टाकी साफ करून घेणं गुन्हा आहे, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलवायलाच हवी. ती तुमच्या बोळात शिरते का, तिचा पाइप टाकीपर्यंत पोचतो का, आणि ती उपसलेला मैला नेऊन कुठे ओतते, हे बांधण्याआधी विचारा. ओढ्यात ओतत असेल तर तोच मैला गावच्या पाण्यात परत येणार.

टाकी बांधली की जमिनीचा प्रश्न सुटला, हा आणखी एक गैरसमज. टाकीत गाळ खाली बसतो, बाहेर पडणारं पाणी मात्र जंतूंनी भरलेलंच असतं. त्यालाही शोषखड्डा लागतो. तो न करता पाइप गटारात सोडलेली घरं कोणत्याही गावात दिसतील. तो संडास घरात नीटनेटका आणि गल्लीत उघडाच. शास्त्रशुद्ध टाकी पाच माणसांना फार मोठी लागत नाही: आतून 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद, पाण्याची खोली 1 मीटर, वर 30 सेंटिमीटर मोकळं. मध्ये आडभिंत, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी आकाराचा जोड, तळाला प्लॅस्टर. लोक जिला सेप्टिक म्हणतात ती पुष्कळदा आडभिंत नसलेली एकच हौदासारखी टाकी असते. वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपाला जाळी नसेल तर ती डासांची पैदास करते.

पाण्याचा हिशोबही पाहा. दोन खड्ड्यांसोबत तीव्र उताराचं ग्रामीण भांडं आणि 20 मिलिमीटर पाणी धरणारा कोंबडा (भांड्याखालचा वाकडा पाइप) बसवला तर दीड-दोन लिटरमध्ये मैला जातो. साधं शहरी भांडं आणि दहा लिटरची फ्लशटाकी घेतली तर दिवसाला दहा वेळा वापर म्हणजे वीस लिटरच्या जागी शंभर. मराठवाड्यात मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या घराला हा फरक वेगळा सांगायला नको.

आता जमीन. वीतभर रुंद, हात-दीड हात खोल खड्डा खणून रात्रभर पाण्याने भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून मोजा. पाणी अर्ध्या तासात इंचभर किंवा जास्त उतरलं तर शोषखड्डा चालेल. तासाभरातही इंच उतरत नसेल तर चालणार नाही, टाकीमागचाही नाही. मुरमाड जमिनीत सहसा अडचण येत नाही. काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंतीबाहेर सगळीकडून फूटभर जाड वाळू, खडी किंवा वीटतुकडे भरावे लागतात. पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या जागी खड्डा जमिनीच्या वर उचलून घ्यावा. विहिरीपासून किमान 10 मीटर लांब. कातळाला भेगा असतील तर त्याहून बरंच लांब, कारण भेगेतलं पाणी गाळलं जात नाही.

दोन खड्डे फसतात ते बहुतेक बांधणाऱ्याच्या हातून. जाळीदार बांधकामात एकाआड एक थरात दोन इंचांच्या फटी ठेवायच्या असतात, पण मिस्त्री सवयीने सिमेंटने बुजवतो. तळाला कोबा करतो. चेंबरची दोन्ही तोंडं उघडी ठेवतो, मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि आळीपाळीचा अर्थच उरत नाही. खड्डे एकमेकांना चिकटवले तर चालू खड्ड्याचं पाणी बंद खड्ड्यात झिरपतं. मध्ये निदान मीटरभर माती हवी. पाइपाला फुटाला एक इंच उतार द्या. व्हेंट पाइप लागत नाही. न्हाणीचं पाणी आत सोडू नका, अ‍ॅसिड आणि फिनेल ओतू नका, सॅनिटरी पॅड टाकू नका.

स्वच्छ भारत मिशनचं 12,000 रुपयांचं प्रोत्साहन अनुदान पात्र कुटुंबाला दोन खड्ड्यांच्या संडासासाठी बऱ्यापैकी पुरवठ्याला येतं. टाकी, स्लॅब आणि वेगळा शोषखड्डा मिळून खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. तरीही टाकी घ्यावी अशी घरं आहेत: परसात दोन खड्ड्यांपुरती जागा नाही, खाली सलग कातळ आहे, किंवा माणसं पंधरा-वीस आहेत, आणि गाडी दारापर्यंत येते. तिथे टाकीचं पाणी शोषखड्ड्यात, तो जमत नसेल तर खडी भरून कर्दळ लावलेल्या वाफ्यात सोडावं.

एकच खड्डा आधीपासून असेल तर तो मोडायची गरज नाही. मीटरभर अंतर सोडून दुसरा खणा, मध्ये चेंबर बांधा आणि त्यातलं जुन्याकडे जाणारं तोंड वीट नि चिखलाने बुजवा.