तीन बॉलचा स्पायरोमीटर: घ्यावा का, आणि घेतला तर ओढावा कसा

औषधाच्या दुकानात याला बहुतेक जण 'फुंकायचं मशीन' म्हणूनच मागतात. दुकानदारही त्याच नावानं काढून देतो, आणि निम्मी चूक तिथेच होऊन जाते. हे श्वास आत ओढायचं यंत्र आहे. खोक्यावर 'रेस्पिरोमीटर', 'थ्री बॉल स्पायरोमीटर' किंवा 'लंग एक्सरसायझर' काहीही छापलेलं असो, आतला माल एकच: शेजारी शेजारी तीन पारदर्शक उभे कप्पे, प्रत्येकात एक हलका प्लास्टिकचा बॉल, वळ्यावळ्यांची लवचीक नळी आणि तिच्या टोकाला तोंडात धरायचा तुकडा. किंमत साधारण दोन-तीनशे रुपयांच्या घरात. छापील एमआरपी पुष्कळदा त्याहून बरीच जास्त असते, म्हणून दोन दुकानांत विचारून घेतलेलं बरं.

पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेल्या, बरगडी मोडलेल्या किंवा न्यूमोनियातून उठणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी सांगितला असेल तर जरूर घ्यावा, पैसे वाया जात नाहीत. फक्त तो काय मोजतो हे कळल्याशिवाय वापरला तर खेळण्यापलीकडे त्याला किंमत नाही.

कप्प्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. त्यापुढे बारीक अक्षरांत 'सीसी पर सेकंद' लिहिलेलं असतं (एक सीसी म्हणजे एक मिली), आणि तिकडे कुणी बघत नाही. म्हणजे हे यंत्र किती हवा आत गेली ते सांगत नाही, ती किती वेगानं गेली ते सांगतं. पहिला बॉल वर टेकला म्हणजे सेकंदाला निदान ६०० मिली हवा ओढली जाते आहे, दोन टेकले तर ९००, तिन्ही टेकले तर १२००. आत गेलेली एकूण हवा काढायची तर या वेगाला सेकंदांनी गुणावं लागतं. आता हिशेब बघा. एका हिसक्यात तिन्ही बॉल ठणकन वर नेले आणि सेकंदाभरात खाली आले, तर आत गेली १२०० मिली. एकच बॉल तीन सेकंद वर तरंगत ठेवला, तर १८०० मिली. पाच सेकंद ठेवला तर ३०००. नातेवाइकांनी टाळ्या वाजवाव्यात त्या एका बॉलला, पण वाजतात तीन बॉलना.

यातही एक खोट आहे, ती सांगायला हवी. पहिला बॉल वर आणि दुसरा तळाशी, याचा अर्थ वेग ६०० ते ९०० यांच्या मधला कुठलाही असू शकतो. म्हणजे तीन सेकंदांत १८०० मिली गेली की २६०० हे या यंत्रावरून कळत नाही. रोजची प्रगती वहीत लिहायची असेल तर बॉल किती चढले ते लिहिण्यापेक्षा 'पहिला बॉल किती सेकंद' हे लिहावं. तेवढा आकडा भरवशाचा.

मुळात एवढी हवा आत न्यायचीच कशाला? निरोगी प्रौढ पुरुष शांत बसून श्वास घेतो तेव्हा दर खेपेला जेमतेम ५०० मिली हवा आत-बाहेर होते. त्यातलीही १५० मिलीच्या आसपास नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचत नाही. नेहमीचा श्वास घेऊन झाल्यावर अजून जोर लावला तर आणखी ३००० मिलीच्या आसपास आत जाऊ शकते. नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर आणखी १०००-११०० मिली बाहेर ढकलता येते. आणि कितीही जोर लावला तरी १२०० मिलीच्या आसपास हवा फुफ्फुसात उरतेच, ती बाहेर निघत नाही. सगळं मिळून सहा लिटरच्या जवळपास. स्त्रियांमध्ये हे आकडे पाव ते पंचमांश हिश्श्यानं कमी, आणि उंचीप्रमाणे व वयाप्रमाणे बदलणारे. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरनं १८४६ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या भांड्याचा स्पायरोमीटर वापरून या मोजणीला शिस्त लावली. पण ती उरलेली हवा त्याच्याही यंत्राला मोजता आली नाही आणि आजच्या कुठल्याही साध्या स्पायरोमीटरला येत नाही, कारण जी बाहेरच येत नाही ती मोजणार कशी? त्याला हीलियमची किंवा बंद काचेच्या खोलीतली चाचणी लागते.

शस्त्रक्रियेनंतर बिघडतं ते इथे. श्वास सोडून झाल्यावर फुफ्फुसात शिल्लक राहणारा साठा, म्हणजे वरच्या हिशेबातले ढकलून काढता येणारे १०००-११०० आणि उरणारे १२०० मिली मिळून सव्वादोन लिटर, हाच लहान श्वासनलिका आणि वायुकोश उघडे धरून ठेवतो. नुसतं उताणं झोपलं तरी हा साठा अर्धा ते एक लिटरनं कमी होतो, कारण पोटातले अवयव श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यासारख्या स्नायूला, वर ढकलतात. त्यात भूल, टाक्यांची वेदना आणि वेदनेच्या औषधांची गुंगी. पोटाच्या वरच्या भागात चीर असेल तर श्वासपटल नीट खाली उतरतच नाही, आणि पूर्ण श्वास घेण्याची क्षमता निम्म्यावर येऊ शकते. माणूस मग वरवरचे, उथळ, भरभर श्वास घेत पडून राहतो. एरवी आपण तासाभरात काही वेळा नकळत उसासा टाकतो, जांभई देतो, तेही बंद. फुफ्फुसाच्या तळाकडचे वायुकोश मिटायला लागतात, कफ साचतो, ऑक्सिजन उतरतो. वय वाढलं की हा धोका आणखी जवळ येतो, कारण लहान नलिका मिटण्याची पातळी वयाबरोबर वर सरकते: पंचेचाळिशीच्या पुढे आडवं झोपल्यावर, आणि पासष्टीच्या पुढे सरळ बसलेलं असतानाही, नेहमीच्या श्वासाच्या शेवटी काही नलिका मिटू लागतात.

फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, एकदा थोडा फुगला की पुढे सोपं. मिटलेल्या वायुकोशाचंही तसंच. तो उघडायला जास्त ताण लागतो आणि तो ताण थोडा वेळ टिकावा लागतो. म्हणून सावकाश, लांब आणि शेवटी धरून ठेवलेला श्वास हवा. झटक्यात ओढलेल्या श्वासात मानेचे आणि छातीच्या वरच्या भागाचे स्नायू काम करतात, हवा वाट मोकळी असेल त्या भागात शिरते आणि तळाला पोचायच्या आत श्वास संपतो. तिन्ही बॉलच्या नादात नेमकं हेच घडतं. मुद्दाम घेतलेला उसासा, एवढंच या यंत्राकडून हवं आहे.

आता वापरायची रीत. खाटेच्या कडेला पाय सोडून किंवा खुर्चीत पाठ ताठ करून बसावं. बसता येत नसेल तर खाटेचं डोकं जमेल तेवढं उंच करावं. वेदनेची गोळी घेऊन अर्धा तास झाला असेल तर उत्तम, कारण दुखत असताना कुणीही पूर्ण श्वास घेत नाही. पोटावर टाके असतील तर उशी किंवा घडी केलेलं ब्लँकेट दोन्ही हातांनी टाक्यांवर घट्ट धरावं, यंत्र दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांच्या उंचीवर उभं धरावं. आधी श्वास नेहमीसारखा सोडून द्यावा, जोर लावून पिळून काढू नये. मग तोंडातला तुकडा ओठांनी पक्का आवळून, दात नुसते टेकवून, पहिला बॉल वर जाईल इतक्याच वेगानं ओढायला सुरुवात करावी आणि तो वर टेकलेला राहील असं जमेल तितका वेळ ओढत राहावं. पोट पुढे यायला हवं. खांदे कानांकडे जात असतील तर वेग जास्त झाला. आणखी ओढता येईना की बॉल खाली पडेल. तेव्हा लगेच सोडू नये, श्वास तीन सेकंद धरावा, मग तुकडा तोंडातून काढून सावकाश सोडावा. मधे अर्धा-एक मिनिट साधे श्वास. असे एका बैठकीला दहा, जागेपणी दर एक-दोन तासांनी, आणि प्रत्येक बैठकीनंतर उशी दाबून दोन-तीनदा खोकावं. खोकल्याशिवाय ही सगळी मेहनत अर्धवट राहते, कारण वायुकोश उघडले तरी कफ जागच्या जागी.

बॉल हलतच नसेल तर घाबरण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. रुग्ण फुंकतो आहे का? सरळ उभ्या यंत्रात फुंकलं तर बॉल तळालाच दाबून बसतात. ओठांच्या कडेनं किंवा नाकातून हवा शिरते आहे का? नाक चिमटीत धरून पुन्हा ओढायला सांगावं. कवळी काढलेल्या वृद्धांच्या ओठांचा आवळ नीट बसत नाही, त्यांना कवळी घालूनच करायला लावावं. आणि नळी यंत्राच्या तोटीवर पूर्ण बसली आहे का? स्वस्तातल्या बऱ्याच तुकड्यांत ही जोडणी ढिली असते. विकत घेतानाच नळी लावून हलकेच ओढून बघता येत नाही, कारण तोंडाला लावलेलं परत कुणी घेणार नाही. पण नळी बसवून हातानं ओढून सैल आहे का, कप्प्यांना जोडाच्या रेषेवर तडा आहे का, उलटंसुलटं केल्यावर तिन्ही बॉल मोकळे घरंगळतात का, एवढं काउंटरवरच बघून घ्यावं. पाकिटाचं सील आधीच फुटलेलं असेल तर घेऊच नये.

यंत्र तिरकं धरलं की बॉल लवकर चढतो. हे बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच कळतं आणि मग 'आज दोन गेले' असा आनंद होतो. सरळ धरा.

चक्कर आली, ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर ते जास्त भरभर केल्यामुळे. रक्तातला कार्बन डायॉक्साइड खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. थांबून साधे श्वास घेतले की जातं. मधली विश्रांती टाळू नये, ती याचसाठी आहे.

दुसरी जात म्हणजे आकारमान मोजणारी यंत्रं. त्यात बॉलऐवजी एक पिस्टन वर चढतो, बाजूला २५०० किंवा ५००० मिलीपर्यंतची पट्टी असते, वेग योग्य ठेवायला वेगळा छोटा दर्शक आणि ठरवलेल्या आकड्यावर सरकवायची खूण. किंमत काही पटींनी जास्त आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही. परवडत असेल तर तेच घ्यावं असं आमचं मत, कारण ते जे हवं तेच मोजतं आणि रुग्णाला आपोआप सावकाश ओढायला लावतं. शस्त्रक्रियेच्या आधी दोन-तीन दिवस त्यावर सराव करून आपला आकडा लिहून ठेवला, तर नंतर कुठवर परत पोचायचं ते नेमकं कळतं. तीन बॉलच्या यंत्राला हे जमत नाही. घड्याळाचा सेकंदकाटा समोर ठेवला तर तीन बॉलवरही काम भागतं, एवढंच.

आणि भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियांनंतर फुफ्फुसांचे त्रास टाळण्यासाठी या यंत्रांचा ठोस फायदा हाती लागला नाही. जे अभ्यास उपलब्ध होते त्यांचा दर्जाही फारसा चांगला नव्हता. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअरच्या २०११ च्या मार्गदर्शनातही हे एकटं वापरू नका असंच आहे: सोबत खोल श्वास, खोकला, पुरेसा वेदनाशमन आणि लवकर उठून चालणं. बॉल उचलून झाले म्हणून दिवसभर खाटेवर पडून राहणाऱ्यापेक्षा, यंत्र न वापरता तीनदा व्हरांड्यात फेरी मारणारा बरा.

कोविडच्या काळात हे यंत्र घरोघरी गेलं आणि 'तिन्ही बॉल वर गेले म्हणजे फुफ्फुसं ठणठणीत' असा समज पसरला तो अजून टिकून आहे. १२०० सीसी प्रति सेकंद म्हणजे मिनिटाला ७२ लिटर. निरोगी तरुण माणूस जोरात ओढतो तेव्हा याच्या कितीतरी पट वेग गाठतो. त्यामुळे फुफ्फुसाचा बराच भाग बिघडलेला असतानाही तिसरा बॉल सहज उचलला जाऊ शकतो. दम लागत असेल, ऑक्सिजन उतरत असेल तर बॉल मोजत बसू नये. दम्याच्या रुग्णांचा पीक फ्लो मीटर हीदेखील निराळी वस्तू. तो फुंकायचा असतो आणि त्यावरचे आकडे मिनिटाला लिटरमध्ये असतात. दोन्हींवर '६००' दिसतं म्हणून तुलना करणारे भेटतात.

हे यंत्र उलटं धरून फुंकलं तरी बॉल चढतात, आणि काही माहितीपत्रकांत तसा व्यायाम दिलेलाही असतो. शस्त्रक्रियेनंतर तो करू नये. जोरानं फुंकल्यावर फुफ्फुसातला साठा आणखी खाली जातो आणि ज्या लहान नलिका उघडायच्या त्याच मिटतात. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या, रुग्णांत तर हवा आधीच अडकून पडलेली असते, त्यांना ओठ शीळ घालण्यासारखे करून सावकाश सोडण्याचा सराव जास्त कामाचा. दम्याचा झटका चालू असताना, खोकल्यातून रक्त पडत असताना, किंवा फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असून तिच्यावर उपचार झालेले नसताना हे यंत्र हातात घेऊ नये.

एक यंत्र एका माणसाचं. भेटायला आलेली मंडळी 'बघू बघू' करत तोंडाला लावतात, घरातल्या पोरांना तर बॉल दिसले की राहवत नाही. तोंडातला तुकडा रोज कोमट साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवावा. मुख्य भाग पाण्यात बुडवू नये, आत ओल राहिली की बॉल भिंतीला चिकटतात आणि मग सहाशेचा बॉल उचलायला नऊशेचा जोर लागतो.